कोकणातून बर्फावर: घरच्यांसाठी स्की आणि स्नोबोर्डचं सामान निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपळूण, रत्नागिरी, देवगड, मालवण या पट्ट्यातली कुटुंबं हल्ली हिवाळ्यात गुलमर्ग, सोलंग, औलीला नुसता बर्फ बघायला जात नाहीत, चार-पाच दिवस राहून स्की शिकायचं असं ठरवून जातात. निघण्याआधी त्यांच्याकडून जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केलेत. काहींची उत्तरं लांबलीत, कारण तिथे चूक झाली की सहल वाया जाते किंवा गुडघा जातो.

सामान विकत घ्यावं की तिथे भाड्याने?

कडक सामान भाड्याने, अंगाला लागणारं सामान स्वतःचं. स्की, काठ्या, स्कीचे बूट, स्नोबोर्ड हे सगळं तिथे दुकानातून घ्या. पायमोजे, हातमोजे, गॉगल, आतले गरम कपडे घरून न्या. हेल्मेटचं दोन्ही बाजूंनी बोलता येईल, पण घरात लहान मूल असेल तर त्याचं हेल्मेट विकत घ्याच. भाड्याच्या दुकानात मोठी मापं भरपूर असतात, लहान डोक्याचं नीट बसणारं हेल्मेट मात्र शोधावं लागतं.

पैसे वाचतात हे एक कारण झालंच. पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी त्याहून मोठं कारण आपल्या हवेचं आहे. ते खाली सामान ठेवण्याच्या प्रश्नात सविस्तर आलंय.

जायचं कधी? मुलांना सुट्टी दिवाळीत आणि मे महिन्यात असते.

दोन्ही वेळा स्की शिकण्यासाठी निरुपयोगी. दिवाळीत बर्फ पडलेला नसतो आणि मेमध्ये उरलेला बर्फ उंचावर, तोही भुसभुशीत. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ४० दिवस कडाक्याच्या थंडीचे, त्याला तिथे चिल्ला-ए-कलान म्हणतात. पण थंडी आहे म्हणजे बर्फ असेलच असं नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार जवळजवळ महिनाभर कोरडे होते. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत व्हायचा होता, तो बर्फ नाही म्हणून मार्चवर ढकलावा लागला.

आंबेवाल्या घरांना मोहोराच्या फवारण्या सोडून जाता येत नाही आणि शिमग्याला पालखीसाठी गावात असायलाच हवं. या दोन्हींच्या मध्ये जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य एवढी फट मिळते, आणि बर्फाच्या दृष्टीनेही तीच त्यातल्या त्यात भरवशाची. शाळेत आधी बोलून ठेवा.

गुलमर्ग, सोलंग आणि औलीसाठी सामान वेगळं लागतं का?

नाही, पण दुकानांची स्थिती वेगळी. गुलमर्ग (सुमारे २,६५० मीटर) स्कीवरच जगणारं ठिकाण आहे, त्यामुळे निवड तिथे जास्त. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला आरिफ खान याच उतारांवर वाढला, आणि त्याच्या घरचा व्यवसायही स्कीच्या सामानाच्या दुकानाचाच. केंद्र सरकारची स्की आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्थाही तिथे आहे. मनालीत अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची गिर्यारोहण संस्था आहे, तिचे स्कीचे वर्ग सोलंगला चालतात. अशा संस्थांच्या वर्गात सामान बहुधा शुल्कातच धरलेलं असतं, तेव्हा आधी विचारून घ्या, नाहीतर दुहेरी खर्च होतो. औलीचा रोपवे जोशीमठात जमीन खचल्यावर जानेवारी २०२३ मध्ये बंद करावा लागला. तिकडे जाताना रस्त्याचा हिशेब धरून चला.

स्की की स्नोबोर्ड? मुलगा म्हणतो बोर्डच हवा.

स्की म्हणजे दोन पायांना दोन वेगळ्या पट्ट्या, स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय अडकवायची एकच फळी. चार दिवस हातात असतील तर घरातल्या बहुतेकांनी स्की घ्यावेत. स्कीवर पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत माणूस हळूहळू का होईना उतरू लागतो आणि थांबू शकतो. बोर्डवर पहिले दोन दिवस जातात पडण्यात, आणि पडायचं ते मनगटावर किंवा माकडहाडावर. त्यानंतर मात्र बोर्ड भराभर येतो. सपाट जागी बोर्डवाल्याला एक पाय सोडवून रखडत जावं लागतं, स्कीवाला काठ्या टेकत पुढे निघून जातो. एकाच घरात दोन्ही असतील तर हे थांबणं-चिडणं रोजचं.

स्केटबोर्ड किंवा सर्फिंग करणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असेल तर त्याला खुशाल बोर्ड द्या. सोबत मनगटाचे पट्टे द्या, घट्ट प्लास्टिकच्या पट्टीचे. सात-आठ वर्षांखालच्या मुलांना आधी स्कीच.

बूट कसे निवडायचे?

सगळ्या सामानात हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमकं इथेच लोक घाई करतात. दुकानात गर्दी, बाहेर गाइड ताटकळलेला, मुलं रडतायत, आणि "चालेल, चालेल" म्हणत बाप एक नंबर मोठा बूट घेऊन निघतो. दुपारी त्याच बापाच्या नडग्या सोललेल्या असतात. स्की वाईट असले तरी शिकता येतं, बूट वाईट असला तर उभंही राहवत नाही.

माप घरीच घ्या. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, सर्वांत लांब बोटापुढे रेघ मारा आणि सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पायांचं मोजा, संध्याकाळी मोजा. स्कीच्या बुटांचं मोंडोपॉइंट नावाचं माप म्हणजे हेच सेंटिमीटर. पाय २६.५ सेंटिमीटर तर बूट २६.५. चपलेचा सात-आठ नंबर विसरून जा. बाहेरचं कडक कवच पूर्ण मापातच येतं, २६ आणि २६.५ ला कवच एकच, फरक आतल्या अस्तराचा. त्यामुळे अर्ध्या मापावरून दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मग कवच तपासा. आतलं अस्तर बाहेर काढा, नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे हात घाला. दोन बोटं, म्हणजे दीड ते दोन सेंटिमीटर जागा असेल तर माप बरोबर. तीन-चार बोटं मावली तर बूट मोठा, दुकानदार काहीही म्हणो. अस्तर परत घालून पाय आत सरकवा, टाच जमिनीवर दोनदा आपटा म्हणजे ती मागे बसेल. आधी वरचे बक्कल लावा, मग पंजाचे, आणि पंजाचे हलकेच. सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकायला हवा, गुडघे वाकवून पुढे झुकलं की तो सुटायला हवा. टाच वर उचलली जात असेल तर तो बूट परत द्या.

आपल्याकडे एक अडचण हमखास येते. वर्षातले दहा महिने चपलेत किंवा अनवाणी वावरलेला पाय पंजाशी पसरट असतो. बुटाच्या पंजाची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात: ९८ अरुंद, १०० मध्यम, १०२ आणि पुढे रुंद. करंगळीच्या बाजूला चावत असेल तर लांबी वाढवू नका, त्याच लांबीचा रुंद बूट मागा. आणि नवशिक्याला मऊ बूट हवा. बुटावर ताठपणाचा आकडा असतो. साधारण ६० ते ९० पुरे, १२० चा बूट तरबेज स्कीवाल्यांसाठी.

थंडीसाठी दोन पायमोजे घालावेत ना?

नाही. एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा, लोकरी किंवा सिंथेटिक. दोन घातले की चुण्या पडतात, फोड येतात, बूट आवळला जाऊन रक्त कमी पोहोचतं आणि पाय उलट जास्त गार पडतो. आतल्या गरम विजारीचं टोकही बुटात जाऊ देऊ नका, बुटाच्या वर ठेवा. बुटात पायमोज्याशिवाय काही नको.

स्की किती लांब घ्यावेत?

उभे धरले की टोक हनुवटी ते नाक यांच्यामध्ये यावं. नवशिक्याने हनुवटीकडे झुकावं. वजन जास्त असेल तर थोडे लांब, घाबरट स्वभाव असेल तर थोडे आखूड. मुलांना छाती ते हनुवटी. याहून जास्त विचार पहिल्या सहलीला करू नका.

हातात आल्यावर मात्र खालची बाजू बघा. स्टीलची कडा सलग आहे ना, कुठे उखडलेली नाही ना? नखाचा पृष्ठभाग कडेवर आडवा हलकेच ओढा. नखाची किंचित पांढरी पूड निघाली तर कडा धारदार आहे. नख नुसतं घसरत गेलं तर ते स्की कडक बर्फावर वळणार नाहीत, दुसरे मागा.

दुकानदार वजन का विचारतो? थोडं कमी सांगितलं तर चालतं का?

खरं सांगा, बायकोसमोर लाज वाटत असेल तर कागदावर लिहून द्या. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडून देणारी खिटी. ती किती जोराने सुटायची हे एका आकड्यावर ठरतं, त्याला डिन म्हणतात. तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती धीटपणे स्की करता यावरून काढतात. तळाची लांबी मिलिमीटरमध्ये बुटाच्या टाचेजवळ कवचावर कोरलेली असते. नऊ वर्षांपर्यंतचं मूल आणि पन्नाशी गाठलेला माणूस यांच्यासाठी तक्त्यात एक पायरी खालचा आकडा घ्यायचा असतो, हे दुकानदार विसरला तर तुम्ही आठवण करा.

आकडा जास्त ठेवला तर पडताना स्की सुटत नाही आणि पिळ गुडघ्याला बसतो. नवशिक्याचे गुडघे वेगाने पडून जातात त्यापेक्षा संथपणे, वळून पडताना जातात. बाइंडिंगच्या पुढच्या आणि मागच्या भागावर छोटी खिडकी असते, तिच्यात आकडा दिसतो. दोन्ही स्कीवर चारही ठिकाणी बघा, मोबाइलवर फोटो काढा. उतारावर स्की सारखा सुटतोय म्हणून कुणी गाइड पेचकस काढून आवळायला लागला तर त्याला थांबवा. बहुतेक वेळा बुटाखाली चिकटलेला बर्फ हेच कारण असतं, आणि तो काठीच्या टोकाने निघतो.

स्नोबोर्डच्या निवडीत काय बघायचं?

लांबी हनुवटी ते नाक, पण इथे उंचीपेक्षा वजनाला जास्त मान. बोर्डावर वजनाचा पट्टा छापलेला असेल तर तोच धरा. दुसरं रुंदी: मोठ्या पायाच्या माणसाचा बूट बोर्डाबाहेर फार आला तर वळताना बर्फात अडकतो आणि माणूस तोंडावर पडतो. अशांनी रुंद बोर्ड मागावा. बोर्डचे बूट मऊ असतात, चालायला सोपे, पण टाच त्यांतही उचलली जाता कामा नये.

डावा पाय पुढे की उजवा, हे घरीच ठरवून जा. पायमोजे घालून गुळगुळीत लादीवर धावत येऊन घसरा, जो पाय आपोआप पुढे जातो तो पुढचा. पावसात शेवाळलेल्या अंगणात हा प्रयोग सगळ्यांनीच कधी ना कधी केलेला असतो, फक्त तेव्हा लक्ष दिलेलं नसतं.

मुलांसाठी वाढत्या मापाचं घ्यावं का? शाळेच्या बुटांसारखं?

जॅकेट आणि विजार घ्या हवी तर. बूट आणि हेल्मेट अजिबात नाही. मोठ्या बुटात मूल पाय वळवतं पण स्की वळत नाही, आणि मग "याला जमत नाही" असा शिक्का त्याच्यावर बसतो.

साधारण चार-पाच वर्षांपासून शिकवता येतं. सुरुवातीला काठ्या देऊच नका, हात मोकळे राहिले की तोल लवकर येतो, आणि भावंडांची तलवारबाजीही वाचते. हातमोजे पाचबोटी नकोत, चार बोटं एकत्र राहणारे घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. दोन जोड न्या, एक जोड दुपारपर्यंत ओला होतोच. नाडीने बाहीला बांधून ठेवा.

बाइकचं हेल्मेट चालेल का? घरात तीन आहेत.

चालणार नाही. जड असतं, मानेवर ताण येतो, कान बंद झाल्यामुळे मागून येणाऱ्याची हाक ऐकू येत नाही. स्कीच्या हेल्मेटच्या आत ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ २०४० असं मानक लिहिलेलं असतं, ते बघून घ्या. भुवईच्या वर बोटभर अंतरावरून टेपने डोक्याचा घेर मोजा. पट्टा न लावता मान हलवली तर हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट, बाहेरून कितीही धड दिसलं तरी, पुन्हा वापरू नये. भाड्याचं घेताना म्हणूनच आतला पांढरा थर्मोकोलसारखा थर चिरलेला नाही ना, ते उलटून बघा.

समुद्रावर वापरतो तोच उन्हाचा गॉगल पुरेल ना?

कोकणातल्या माणसाला वाटतं, आपल्याला उन्हाची सवय आहे. इथे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे बघा: समुद्रकाठची कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के परतवते, समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के, आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. शिवाय दर हजार मीटर उंचीला हे किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. साध्या गॉगलच्या बाजूने आणि खालून ते आत येतात. त्रास लगेच कळत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. त्यामुळे चेहऱ्याला चिकटून बसणारा स्कीचाच गॉगल हवा, मुलांनाही. काचेवर एस ० ते एस ४ असा गडदपणाचा दर्जा असतो. एकच घ्यायचा तर एस २. लख्ख उन्हात एस ३ बरा, एस १ ढगाळ आणि बर्फ पडत असतानाच्या दिवसासाठी. सनस्क्रीन नाकाखाली आणि हनुवटीखालीही लावा.

चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा गॉगल मागा, त्याच्या फोमला काडीसाठी खाचा असतात. दुकानात चष्मा घालूनच लावून बघा. आतून ओला झाला तर रुमालाने पुसू नका, वाफ न धरणारा लेप निघून जातो. झटका आणि सुकू द्या.

पावसाळ्यातला रेनकोट आणि खाली जीन्स?

रेनकोट पाणी अडवतो तसा घामही अडवतो, तासाभरात आतून ओले होता. आणि त्याच्या गुळगुळीत प्लास्टिकवर माणूस पडला की थांबत नाही, घसरतच जातो. जीन्स भिजली की कडक होते. सर्वांत आतला सुती गंजीफ्रॉक मात्र पुरुषांकडून सोडवत नाही. तो घरी ठेवा. सूत घाम धरून ठेवतं आणि उतारावर थांबलं की तेच ओलं सूत अंगाला लागून हुडहुडी भरते.

आत सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचे कपडे, मध्ये फ्लीस, वर जलरोधक जॅकेट आणि विजार. जॅकेट पाणी किती अडवतं याचा आकडा त्यावर असतो, तो १०,००० मिलिमीटर असेल तर पुरे. हे सगळं मुंबई-पुणे-गोव्याच्या खेळाच्या मोठ्या दुकानांत मिळतं. कुणी ट्रेकिंगला जाणारं असेल तर निम्मं घरातच सापडेल.

वाटेत डगले आणि गमबूट भाड्याने मिळतात, त्याचं काय?

गुलमर्गच्या वाटेवर खाली तंगमर्गला आणि मनालीहून सोलंगच्या रस्त्यावर अशी दुकानं ओळीने आहेत. बर्फात फोटो काढायचे, स्लेजवर बसायचं, तर ठीक. स्की शिकायला नाही. ते डगले जड, बहुधा कालच्या गिऱ्हाइकाच्या घामाने आणि बर्फाने अर्धवट ओले.

आजी-आजोबांना न्यावं का?

न्यावं, पण पहिल्या दिवशी विश्रांती द्या. समुद्रसपाटीवरून एकदम अडीच हजार मीटरच्या वर गेलं की डोकेदुखी, मळमळ कुणालाही होऊ शकते. रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आजींना साडीच नेसायची असेल तर आत लोकरी विजार, पायात घट्ट बसणारे बूट आणि बुटाखाली चढवायचे काटे. हे काटे खेळाच्या दुकानात मिळतात आणि घसरून माकडहाड मोडण्यापेक्षा फार स्वस्त पडतात.

गोंडोलाने (बंद डब्यांच्या रोपवेने) वरपर्यंत जाऊन तिथून स्की करत येता येईल का?

गुलमर्गच्या गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा आफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ४,००० मीटरवर. नवशिक्यांनी दुसऱ्या टप्प्यावर बघायला जावं आणि गोंडोलानेच परत यावं. वरचे बरेच उतार निगराणीबाहेरचे आहेत, तिथे हिमस्खलनात माणसं गेलेली आहेत. तिकडे उतरणारे लोक ठावठिकाणा सांगणारं यंत्र, फावडं आणि लांब सळई सोबत ठेवतात आणि ती वापरायचं शिक्षण घेतात. कौटुंबिक सामानाच्या यादीत या वस्तू नाहीत, कारण कुटुंबाने तिथे जायचंच नाही.

अमेरिकेतले मामा त्यांचे जुने स्की आणि बूट देतायत. घ्यावेत?

हातमोजे, गॉगल, जॅकेट आनंदाने घ्या. स्की-बुटांना मामांचा मान राखून नाही म्हणा. बूट मामांच्या पायाचे, बाइंडिंग मामांच्या वजनाला लावलेलं, आणि ते तुमच्यासाठी बसवून देणारा माणूस सिंधुदुर्गात कुठून आणणार? नव्या बुटांचा ग्रिपवॉक नावाचा तळ जुन्या बाइंडिंगमध्ये नीट बसत नाही, हाही घोळ असतो. बूट दहा-बारा वर्षांचे असतील तर खालचा प्रश्न वाचा.

दर वर्षी जायचं ठरवलंय. विकत घेतलेलं सामान इथे कसं ठेवायचं?

कठीण आहे. स्कीची कडा साध्या स्टीलची असते, किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात ती एका पावसाळ्यात तांबडी होते. जुलैत हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात, बुटाच्या अस्तरावर गणपतीपर्यंत बुरशी येणारच. पण खरा धोका दिसत नाही. स्कीच्या बऱ्याच बुटांची कवचं पॉलियुरेथेनची असतात. या प्लास्टिकची हवेतल्या बाष्पाशी हळूहळू अभिक्रिया होऊन ते आतून ठिसूळ होतं. कपाटात नुसता ठेवलेला नेहमीचा चांगला बूट दोन-तीन वर्षांनी काढावा आणि तळाचा चुरा हातात यावा, हे इथे प्रत्येक घरात घडलेलं आहे. त्याचं कारण हेच. स्कीच्या बुटाचं तसं झालं तर तो उतारावर फुटतो. गॉगलचा फोम झडतो, जॅकेटचा आतला लेप पापुद्रे धरतो, तेही याच कुळातलं.

तरी घ्यायचंच असेल तर मे महिन्यात, आगोटीच्या तयारीबरोबरच हेही उरका. स्की पूर्ण सुकवा, गंजाचा ठिपका रबराने खरवडा, तळ आणि कडा दोन्हींवर जाड मेण लावा आणि ते पावसाळाभर तसंच राहू द्या. बुटांची अस्तरं काढून सावलीत वाळवा, परत घाला, बक्कल हलके लावून ठेवा म्हणजे कवचाचा आकार राहतो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, ओल आत कोंडते. घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि श्रावणात एकदा उघडून पुड्या बदला. माळ्यावर नको, पत्र्याखाली उन्हाळ्यात फार तापतं. पुणे-कोल्हापूरकडे बहीण-भाऊ असतील तर त्यांच्या घरी ठेवणं सर्वांत सोपं.

पहिली खरेदी कोणती, असं विचारलंत तर बूट. मापाचा बूट स्वतःचा असला की बाकी भाड्याचं कसंही चालवून घेता येतं. स्की विकत घेण्याची गरज इथल्या कुटुंबाला मला तरी दिसत नाही.

बूट विमानात न्यायचे की रेल्वेने?

रेल्वेने जाणार असाल तर प्रश्नच नाही, मंगला एक्सप्रेसने निजामुद्दीनपर्यंत बाकाखाली राहतात. विमानात बूट केबिन बॅगेत घालता येतात का ते आधी विमान कंपनीला विचारा. बॅग उशिरा आली तर जॅकेट तिथे भाड्याने मिळेल, तुमच्या पायाचा बूट मिळेलच असं नाही. बुटांच्या पोकळीत पायमोजे आणि हातमोजे कोंबा, जागा वाचते.